फ्रेमवरच्या क्विल्टिंगसाठी मशीन: अकरा महिने, दोन मशिनं आणि एक पाणसळ

मशीन घेताना मी आधी वेग पाहिला, मग दिवा किती लख्ख आहे ते, मग सुईत दोरा आपोआप ओवला जातो का ते. थ्रोट, म्हणजे सुईपासून मागच्या खांबापर्यंतची मोकळी जागा, हा आकडा सगळ्यात शेवटी वाचला आणि ‘नऊ इंच? भरपूर झाले’ म्हणून पुढे गेले. टेबलावर शिवणाऱ्याला नऊ इंच भरपूरच असतात. फ्रेमवर ते कुठे जातात ते आता सांगते.

माझी फ्रेम दहा फुटी. पहिले पाच महिने तिच्यावर नऊ इंची, फक्त सरळ टाक्याचं घरगुती मशीन होतं. नंतरचे सहा महिने अठरा इंची लाँगआर्म, म्हणजे लांब हाताचं, खास क्विल्टिंगचं मशीन. दोन्हींवर मिळून चौदा क्विल्ट, म्हणजे थर देऊन शिवलेल्या गोधड्या, झाल्या, त्यातल्या सहा डबलबेडच्या, साधारण ९० बाय १०० इंच. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही, कारण जे अडलं ते कंपनीमुळे नाही, मापांमुळे अडलं.

फ्रेमवर कापड जागेवर राहतं आणि मशीन फिरतं. शिवून झालेला भाग मागच्या रोलरवर गुंडाळला जातो आणि हा रोलर मशीनच्या पोटातून, म्हणजे थ्रोटमधूनच जातो. माझा रिकामा रोलर दोन इंच जाडीचा. सुईचा पाय आणि खांब त्याला आपटू नयेत म्हणून इंचभर सोडायचा. म्हणजे नऊतले सहा उरले, तेही पहिल्या ओळीला. पुढे गुंडाळी वाढतच जाते. १०० इंच लांबीची, आत पातळ सुती बॅटिंग (मधला भरावाचा थर) असलेली क्विल्ट संपत आली तेव्हा मी गुंडाळीवर पट्टी धरली: पावणेपाच इंच. नऊतून पावणेपाच गेले, वर एक गेला. हातात सव्वातीन.

सव्वातीन इंचात लहानशी लाट बसते, बारीक वेटोळी बसतात. पिसांची वेल बसत नाही. माझ्या पहिल्या मोठ्या क्विल्टवर डोक्याशी पाच इंची पिसं आहेत आणि पायाशी तीन इंची वेटोळी. बघणाऱ्याला वाटतं दोघींनी वाटून शिवली. शिवाय तेवीस वेळा कापड पुढे सरकवावं लागलं. दर वेळी बाजूचे क्लिप काढा, रोलर फिरवा, ताण बघा, क्लिप लावा, खालचा दोरा वर ओढून घ्या. अठरा इंचीवर तेवढ्याच मापाची क्विल्ट आठ वेळा सरकवून झाली. तिथे सुरुवातीला पंधरा इंच मिळतात आणि शेवटी सव्वाबारा, त्यामुळे बारा इंची नक्षी वरपासून खालपर्यंत एकसारखी जाते.

गुंडाळी किती होणार ते मशीन घ्यायच्या आधीच काढता येतं. क्विल्टची लांबी गुणिले तिची दाबलेली जाडी, त्याला सव्वाने गुणायचं, त्यात रिकाम्या रोलरच्या जाडीचा वर्ग मिळवायचा आणि वर्गमूळ काढायचं. सगळं इंचात. मला हे गणित कुणी आधी दिलं असतं तर पाच महिने वाचले असते. फुगीर पॉलिस्टर बॅटिंग वापरणार असाल तर जाडी दुप्पट धरून बघा: नऊ इंची मशीनवर शेवटच्या ओळीला जेमतेम दीड इंच राहतो. आणि फक्त थ्रोटची लांबी नाही, त्या पोकळीची उंचीही बघा. गुंडाळी वरच्या हातालाही घासते.

तरीही सुरुवात घरगुती मशीननेच करायची असेल तर बॉबिन कुठे आहे ते पाहा. फ्रेमवर मशीन आडवं बसतं, सुईकडची बाजू आपल्याकडे. बॉबिन डाव्या बाजूने घालायचं असेल तर ती बाजू आपल्यासमोर येते आणि बदलणं सोपं जातं. वरून टाकायचं असेल तर ते क्विल्टच्या खाली गडप. एवढी एक गोष्ट माझी नशिबाने बरोबर निघाली. बॉबिन मात्र लहान. मोठ्या क्विल्टला दहा-अकरा लागायची आणि संपायची नेमकी ओळीच्या मध्ये. लाँगआर्मला मोठं, एम साइजचं बॉबिन असतं, त्यामुळे हा जाच निम्म्यावर आला.

वेगाचं वेड अगदीच चुकीचं नव्हतं. इंचाला १० टाके हवे असतील आणि हात सेकंदाला दोन इंच सरकत असेल तर मिनिटाला १२०० टाके लागतात. पण स्टिच रेग्युलेटर नसेल तर हा वेग सांभाळायचा कुणी? आपल्या हातांनी. वळणावर हात मंदावतो, टाके दाट पडतात. सरळ रेषेत हात सुटतो, टाके लांबतात. रेग्युलेटरमध्ये, मशीन ज्या गाडीवर बसून रुळांवर फिरतं तिच्या चाकांवर सेन्सर असतात, मशीन किती सरकलं ते मोजून त्या प्रमाणात सुई चालते. हात थांबला की सुई थांबते. मला तो हवाच. अगदी बारीक नक्षीने जागा भरताना मात्र मी तो बंद करून ठरावीक वेग लावते, कारण टोकाशी क्षणभर थांबलं की त्याची चाल अडखळते.

याच रेग्युलेटरने एकदा दोन संध्याकाळी खाल्ल्या. मधूनच तीन-चार टाके लांब पडायला लागले. सुई बदलली, टेन्शन बदललं, रीळ बदललं. शेवटी बॅटरी घेऊन गाडीखाली पाहिलं तर सेन्सरच्या चाकाच्या आसाला लाल दोऱ्याचा तुकडा गुंडाळलेला. चाक फिरायचं सोडून घसरत होतं, मशीनला वाटत होतं आपण कमी सरकलो. आता रोज बसण्याआधी चाकं आणि रूळ कोरड्या फडक्याने पुसते.

फ्रेमबद्दल कुणी फारसं बोलत नाही, पण माझं निम्मं रडगाणं तिचंच होतं. हात सोडला की मशीन आपसूक मधे यायचं. मला वाटलं चाकं खराब. रुळावर पाणसळ ठेवली तेव्हा कळलं, दहा फुटांत रूळ मधोमध झोळीसारखा खाली गेला होता. मधल्या पायाचा स्क्रू वर घेतला, एका कोपऱ्याखाली पुठ्ठ्याची घडी सारली आणि मशीन सोडू तिथे थांबायला लागलं. त्या आधीच्या माझ्या सगळ्या गोलांची एक बाजू चपटी आहे. लाँगआर्म बसवल्यावर वजन वाढलं, म्हणून हेच पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

ताणाबद्दल: कापड ढोलकीसारखं ताणायचं नाही. सुई वाकते, टाके सुटतात, दोरा तुटतो. फार सैल असेल तर सुईबरोबर कापड वर उचललं जातं आणि तरीही टाके सुटतात. खालून बोट लावून वरून चिमटीत धरता आलं पाहिजे, एवढाच ताण. आणि गुंडाळी वाढेल तसा मागचा रोलर वर उचलत राहायचं, क्विल्ट आणि मशीनचा पाटा यांत करंगळी सरकेल इतकी फट ठेवून. अस्तर चारही बाजूंनी निदान चार इंच जास्त घ्या, नाहीतर क्लिप लावायला जागा राहत नाही.

लाँगआर्मची सुई गोल दांड्याची, तिला घरगुती सुईसारखी चपटी बाजू नसते. जरा फिरून बसली की टाके सुटतात. नेढ्याला छोटं चुंबक चिकटवून ते सरळ समोर बघतंय का ते पाहायचं. माझा पहिला अर्धा दिवस ही युक्ती माहीत नसल्याने गेला.

नऊ इंची विकलं नाही, टॉप, म्हणजे क्विल्टचा तुकड्यांचा वरचा थर, जोडायला तेच वापरते. लाँगआर्मबद्दल तक्रार एकच, आणि ती माझीच. मागे उभं राहून, लेझरचा ठिपका कागदावरच्या नक्षीवर फिरवत शिवायची सोय तिच्यात आहे. त्यासाठी फ्रेमच्या मागे माणूस मावला पाहिजे. अठरा इंची मशीनचं शेपूटही तेवढंच लांब, आणि माझ्या भिंतीपर्यंत उरलाय दीड फूट. मागचे हँडल भिंतीला घासायला लागले म्हणून काढून कपाटात ठेवलेत. फ्रेम घ्यायच्या आधी मी खोलीची फक्त लांबी मोजली होती.