संमोहनोपचार, आठ महिन्यांनंतर: झुळझुळ सोडून बाकी ठीक

संमोहन म्हणजे काय, डोळ्यांपुढे लोलक हलवतात का, माणूस बेशुद्ध पडतो का, हे इथे मिळणार नाही. मी पदरचे पैसे मोजून फेब्रुवारीपासून दसऱ्यापर्यंत वापरलं, त्याचा हिशोब देते. लिहायचं निमित्त एक ऑडिओ फाईल आहे. पंचवीस मिनिटांची. तिच्यावर मी अजून चिडलेली आहे.

आमचं चिपळूणला बाजारपेठेत टेलरिंग मटेरियलचं दुकान. बटणं, अस्तर, चेन, लेस. खाली दुकान, वर घर. २२ जुलै २०२१ ला पहाटे पाणी आत शिरलं. २००५ ला ते आमच्या जिन्याच्या सहाव्या पायरीला थांबलं होतं, म्हणून अस्तराचे ताके आम्ही कायम त्याच्या वरच्या फळीवर ठेवत आलो. या वेळी पाण्याला ते कोणी सांगितलं नव्हतं. वीज गेलेली, पाऊस धो धो, सासूबाई वर जप करतायत आणि मी बॅटरी घेऊन जिन्याच्या तोंडाशी बसलेली. एकूण सोळा पायऱ्या. पाणी बाराव्या पायरीपर्यंत आलं. नंतर दिवाळीपर्यंत मी बटणं धूत होते. प्लास्टिकची धुतली की नव्यासारखी होतात, कापड चढवलेली फेकावी लागतात.

त्यानंतरचा प्रत्येक पावसाळा सारखाच गेला. रात्री पत्र्यावर पाऊस वाजला की मी उठायचे, बॅटरी घेऊन जिन्याशी जायचे, खालची पायरी कोरडी आहे ना ते बघायचे. रात्रीतून सात-आठ वेळा. नगरपालिकेचा भोंगा वाजला की हात गार पडायचे. हे म्हणायचे, वय झालंय, झोप कमी होणारच. लेक पुण्याला असते. तिने परस्पर चौकशी करून एका संमोहनोपचार केंद्रात नाव घातलं.

पॅकेज आठ सेशनचं, सोळा हजार, आगाऊ. एकेकटं घेतलं तर अडीच हजार. पैसे परत नाहीत आणि मुदतीत वापरले नाहीत तर 'सेशन बुडतील', असं पावतीवर छापलेलं. हा शब्द आम्हा चिपळूणकरांना कोणी छापून देऊ नये. विम्याचंही विचारून झालं. २०१७ च्या कायद्याप्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं. पण आमच्या पॉलिसीत ओपीडीच नाही, त्यामुळे दाढ असो की मन, खिसा आपलाच. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे तेवढाच आधार. कुंभार्ली घाट चढून, कोयनानगरवरून, कराड-सातारा करत स्वारगेट. त्या धरणाच्या पाटीकडे मी चार फेऱ्यांत एकदाही बघितलं नाही.

पहिले चार सेशन ज्या सरांकडे झाले ते बोलायला गोड. बाहेर भिंतीवर पोस्टर होतं, १८४५ साली बंगालमधल्या हुगळीला जेम्स एस्डेल नावाचा स्कॉटिश डॉक्टर मोहनिद्रा देऊन शस्त्रक्रिया करायचा, तेही क्लोरोफॉर्म यायच्या आधी. वाचून बरं वाटलं. पण त्याला पेशंटचं अंग कापायचं होतं, माझं काय कापणार?

खुर्ची मागे झुकवायची, डोळे मिटायचे, खांदे सैल, जबडा सैल. मग सर म्हणायचे, "तुम्ही एक जिना उतरताय... दहा... नऊ... आठ..." आणि खाली कुठेतरी तुमची आवडती शांत जागा. माझे डोळे दर वेळी चारला उघडायचे. चारही सेशनला. सर म्हणाले, काहींची संमोहनक्षमताच कमी असते. असते हे खरं, ती मोजायला स्टॅनफर्डची मोजपट्टी १९५९ पासून आहे. सरांनी मोजली नव्हती, अंदाजाने सांगितली.

आणि घरी रोज ऐकायला ती फाईल दिली. तोच जिना, तेच आकडे, मागे बासरी, आणि बासरीच्या मागे अखंड झुळझुळ वाहणारं पाणी.

मी फॉर्मवर लिहून दिलं होतं, पुराचा त्रास आहे. फॉर्म कोणी वाचला नव्हता. मी फोन केला, पाणी काढून द्या. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, मॅडम, नेचर साउंड आहे तो, सगळ्यांना आवडतो. मेसेज केला, ईमेल लेकीकडून करवला. तीन आठवड्यांनी 'नवीन' फाईल आली. ऐकते तर समुद्राच्या लाटा! मी मार्चमध्येच पाचपैकी एक तारा देऊन मोकळी होणार होते, लेकीने थांबवलं.

चौथ्या सेशनला याहून वाईट झालं, पण तेव्हा ते मला चांगलं वाटलं होतं. सर म्हणाले, आणखी आत जा, काय ऐकू येतंय? कोणी हाक मारतंय का? आणि मला आली ऐकू. समोरच्या घड्याळवाल्या काकांची. "वहिनी, वहिनी" असं. मी ढसाढसा रडले, सर म्हणाले, मोकळं झालं. कसलं मोकळं? पुढचे पंधरा दिवस मी मनाशी हेच धरून बसले, की म्हातारा माणूस हाका मारत होता आणि मी जिन्यावर बसून राहिले. शेवटी धीर करून काकांना विचारलं. ते म्हणाले, "अहो वहिनी, मी त्या रात्री दापोलीला मुलीकडे होतो. दुकान बंदच होतं."

त्यानंतर मी पुण्याला जाऊन जे भांडले ते लेकीला विचारा. पैसे मिळाले नाहीत. उरलेले चार सेशन मात्र तिथल्याच दुसऱ्या मॅडमकडे वळवून मिळाले. या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी क्रमांक दारावर लावलेला. तुम्ही जाणार असाल तर आधी तो क्रमांक बघा, पोस्टर नंतर.

मॅडमनी पहिल्या दिवशी डोळे मिटायलाच लावलं नाही. हाकेचं ऐकून म्हणाल्या, संमोहनात आठवण जास्त खरी होत नाही, आपली खात्री तेवढी वाढते. १९७४ मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस यांनी लोकांना गाड्यांच्या टकरीची फिल्म दाखवली होती. 'गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा' असा जोरकस शब्द घालून वेग विचारला, तर आठवड्याने त्यातल्या बऱ्याच जणांना फुटलेल्या काचा आठवल्या. फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती. तिथे तर संमोहनही नव्हतं, नुसता एक शब्द. सरांनी मला अख्खी हाक पुरवली होती.

मी दुकानदारीण, पावती मागते तसा पुरावाही मागितला. मॅडमनी सरळ सांगितलं, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या सूचनांत मोठ्या माणसांसाठी आघातावर केंद्रित सीबीटी (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बोलून बदलायच्या) आणि ईएमडीआर (डोळे दोन्ही बाजूंना हलवत आठवण हाताळायची) यांची शिफारस आहे, संमोहनाची नाही. १९८९ च्या एका डच अभ्यासात ११२ जण होते. त्यात संमोहन घेतलेल्यांना उपचाराची नुसती वाट बघत थांबलेल्यांपेक्षा बरं वाटलं, पण तसं ते बाकीच्या दोन उपचारांनीही वाटलं. त्या म्हणाल्या, "मुख्य काम आपण बोलून करायचं. संमोहन हे नुसतं टेकायला लोड." सोळा हजार लोडाचे? मनात आलं, बोलले नाही.

मग त्यांनी विचारलं, "ताई, त्या रात्री जिन्याशी बसून तुम्ही काय करत होता?"

मोजत होते. पाणी किती चढलं ते नव्हे, किती पायऱ्या उरल्या ते. दहा... नऊ... आठ. चारवर पाणी थांबलं.

खोलीत पंखा कुरकुरत होता तेवढाच आवाज. मी चार महिने झुळझुळीवर भांडत होते आणि काटा त्या उलट्या आकड्यांत होता. इथे माझं मत बदललं, सगळं नाही, पण बरंच. (झुळझुळ तरी कशाला घालायची? हा प्रश्न उरतोच.)

मॅडमनी जिना काढून टाकला. तुमच्या हातांना सवयीचं काय, विचारलं. आता मी पत्र्याच्या डब्यात एकेक बटण टाकते, मनातल्या मनात. टक्. एक. टक्. दोन. आकडे वर जातात. अठरा-वीसपर्यंत खांदे उतरतात. मग समोर पडदा धरायचा, दोन भागांचा. डावीकडे ते पाणी, लांब आणि लहान. उजवीकडे मी त्या रात्री काय काय केलं ते: सासूबाईंना उठवलं, गॅसची टाकी वर ओढली, प्यायच्या पाण्याच्या कळशा भरून घेतल्या, उधारीची वही पोटाशी बांधली. डावीकडचं पुसायचं नाही. डोळे दोन्हीकडे फिरवायचे. वहीचं मी इतक्या वर्षांत विसरलेच होते. पुन्हा कोणी हाक घातलेली नको म्हणून ह्यांना विचारलं, तर तेच म्हणाले, "अगं, माझाच गमछा घेतला होतास बांधायला." हे सगळं मॅडमनी माझ्याच मोबाईलवर त्यांच्या आवाजात भरून दिलं, फुकट, मागे पंख्याच्या कुरकुरीसकट. रेकॉर्डिंग म्हणून भिकार, आणि मला त्याशिवाय झोप येत नाही.

खरी परीक्षा जुलैत. रात्री दोनला जोर धरला, भोंगाही झाला. हात गार पडले, ते अजून पडतात. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, म्हणजे १४४१६ ला, फोन लावला. सरकारी, फुकट, रात्रीही मराठीत बोलतात, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर! पलीकडच्या मुलीशी दहा मिनिटं बोलले, मग बटणं. त्या रात्री जिन्याशी दोनदा गेले. सात-आठचे दोन. ऑगस्टमध्ये एका रात्री गेलेच नाही, सकाळी लक्षात आलं.

तर सरांना एक तारा, तोही गोड बोलण्याचा. मॅडमना साडेचार, अर्धा केंद्राच्या पावतीसाठी कापला. एक सेशन शिल्लक आहे, डिसेंबरच्या आत वापरणार, बुडू देणार नाही.

ती जुनी फाईल मी पुसणार होते, पण ह्यांनी पुसू दिली नाही. त्यांना त्या झुळझुळीवर पाच मिनिटांत झोप लागते. सातला पोचायच्या आत घोरायला लागतात. मी त्यांना बाहेरच्या खोलीत झोपायला सांगितलंय, दार लावून.