मॉझर ९८ वर बांधलेली ४५८ मॅग्नम, बरेच महिने वापरल्यानंतर

ही रायफल आता बरेच महिने रेंजवर चालतेय, त्यामुळे मनापासून लिहितो. मॉझर ९८ या जुन्या जर्मन लष्करी रायफलचं ॲक्शन (बोल्ट आणि तो सरकतो ते धातूचं घर, म्हणजे रिसीव्हर), नवीन बॅरल, अक्रोडाचा स्टॉक (रायफलचा लाकडी भाग) आणि कॅलिबर, म्हणजे काडतूस, ४५८ विंचेस्टर मॅग्नम. आधीच सांगतो, लायसन्स आणि परवानग्या हातात आल्याशिवाय एकही स्क्रू फिरवायचा नाही, आणि बॅरल चढवणं, चेंबर (काडतूस बसतं ती जागा), हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबरमध्ये काडतूस टेकतं त्या कडेमधलं अंतर), प्रूफ टेस्ट (जास्त दाबाच्या काडतुसाने चाचणी) ही सगळी कामं लायसन्सवाल्या गनस्मिथकडेच, मी फक्त शेजारी उभं राहून बघत आणि विचारत होतो. माझ्या हातचं काम म्हणजे स्टॉक, बेडिंग (ॲक्शन लाकडात घट्ट बसवणं), चेकरिंग (पकडीसाठी लाकडात कोरलेल्या तिरक्या रेषा), फिनिशिंग. हौशी माणसाने तेवढंच करावं हे माझं ठाम मत आहे, आणि तेवढ्यातही शिकायला इतकं आहे की पुरेवाट होते.

हेच कॅलिबर का, असं बरेच जण विचारतात. १९५६ मध्ये विंचेस्टरने हे आणलं तेच मुळी साध्या लांबीच्या ॲक्शनमध्ये बसावं म्हणून, पुंगळी (काडतुसाचं पितळी नळकांडं) फक्त अडीच इंचाची, त्यामुळे ३७५ एच अँड एच या लांब काडतुसाला लागतं तसं लांब मॅग्नम ॲक्शन शोधत बसावं लागत नाही. पण पुंगळीचं बूड जाड आहे ना, म्हणून बोल्टचं तोंड, एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी बाहेर ओढणारा पंजा), मॅगझिनच्या कडा सगळंच जुळवून घ्यावं लागतं. आणि जुनं लष्करी ॲक्शन घेताना आधी लग्ज (बोल्टला रिसीव्हरमध्ये अडकवून धरणारे दात) तपासून घ्या. या रिसीव्हरचं पोलाद वरून कडक आणि आतून मऊ असतं, लग्जच्या मागे दबल्याची खूण दिसली तर कितीही सुंदर दिसत असलं तरी ते ॲक्शन बाजूला ठेवायचं, यात तडजोड नाही.

आता फीडिंग, म्हणजे काडतूस मॅगझिनमधून चेंबरमध्ये जाणं. ९८ चा तो लांब पंजासारखा एक्स्ट्रॅक्टर बोल्टबरोबर फिरत नाही, काडतूस मॅगझिनमधून सुटलं की त्याचं बूड पंजाखाली सरकतं आणि बोल्ट मागे येईपर्यंत सुटत नाही. यालाच कंट्रोल्ड राउंड फीड म्हणतात, आणि धोकादायक जनावरांसाठीच्या रायफलींमध्ये लोक आजही याच्यावर जीव टाकतात. ४५८ ची पुंगळी जवळपास सरळ आणि गोळीचं नाक बोथट, त्यामुळे काडतूस चेंबरच्या कडेला अडायची शक्यता जास्त. गनस्मिथने दारू-प्रायमर नसलेली डमी काडतुसं घालून, बोल्ट हळू, जोरात, रायफल आडवी-उलटी धरून तपासलं आणि कडांना अगदी केसभर पॉलिश करत गेले. आज इतक्या महिन्यांनी बोल्ट असा सरकतो की काडतूस आत गेलं हे हाताला जेमतेम कळतं.

पण खरी शाळा म्हणजे स्टॉक. ५०० ग्रेनची, म्हणजे ३२ ग्रॅमच्या वरची गोळी साधारण २००० फूट प्रति सेकंदाने निघते, साडेचार किलोच्या आसपासच्या रायफलमध्ये धक्का तीस-शून्य-सहा या नेहमीच्या शिकारी काडतुसाच्या साधारण तिप्पट, आणि तो सगळा आधी लाकूड खातं, मग खांदा. रिकॉइल लगची (ॲक्शनखालचा, धक्का लाकडाला देणारा ठोकळा) मागची बाजू लाकडाला पूर्ण टेकलेली हवी. त्यासाठी धातूला काळा रंग पुसून ॲक्शन लाकडात दाबायचं, उचलायचं, जिथे डाग उमटला तिथलंच कागदासारखं पातळ पापुद्र्याएवढं लाकूड पटाशीने काढायचं, परत दाबायचं. संध्याकाळच्या संध्याकाळी यात जातात. सुरुवातीला दोन-तीन ठिपके दिसतात, मग हळूहळू सगळीकडे सारखी काळसर छटा येते, ती बघून जे समाधान मिळतं ते नेम लागल्यावरही मिळत नाही. त्यावर इपॉक्सी बेडिंग, बॅरलखाली दुसरा लग, आणि मॅगझिनच्या पुढे-मागे आरपार क्रॉसबोल्ट. आणि ॲक्शनच्या शेपटामागे (मागच्या निमुळत्या टोकामागे) बारीकशी फट ठेवायचीच, दिसायला खटकते, पण ती नसेल तर शेपूट लाकडात पाचरीसारखं घुसतं आणि मनगटाच्या जागी (हाताने पकडतो त्या बारीक भागात) स्टॉक उभा चिरतो. लाकूड निवडताना नक्षीवर भुलू नका, मनगटातून रेषा सरळ गेली पाहिजे, नक्षी मागे दस्त्यात (खांद्याला टेकतो त्या भागात) असू दे.

आता वापराबद्दल. मध्ये एकदा सगळं खोलून बघितलं, लगमागच्या इपॉक्सीवर सारखी चकाकी होती, शेपटाजवळ चीर नाही, स्क्रू जागचे हलले नव्हते. स्कोपच्या रिंगचे स्क्रू मात्र दर वेळी तपासावे लागतात, आणि आय रिलीफ (डोळा आणि स्कोपमधलं अंतर) चार इंचांच्या आसपास हवा, नाहीतर भुवई फुटलीच समजा. स्लिंगची पुढची कडी स्टॉकऐवजी बॅरलवर घ्यायचा सल्ला गनस्मिथने दिला होता, बरंच झालं, धक्क्यात ती बोटांवर आदळत नाही. अजून एक गोष्ट फार कमी जण सांगतात, एक बार झाला की मॅगझिनमध्ये उरलेल्या काडतुसांची नाकं पुढच्या भिंतीवर आदळून चेपतात, गोळी पुंगळीत मागे पण सरकू शकते, त्यामुळे क्रिम्प (गोळीवर दाबलेलं पुंगळीचं तोंड) घट्ट हवा आणि उरलेली काडतुसं अधूनमधून काढून बघायला हवीत.

टेबलवरून फार बार काढू नका, धक्का पचत नाही आणि दचकायची सवय लागते ती लवकर जात नाही. उभं राहून, थोडेच, नीट. ऑइल फिनिश मला वार्निशपेक्षा कितीतरी आवडलं, ओरखडा पडला की तेलाचा हात फिरवला की झालं, पावसाळी हवेतही लाकूड फुगलं नाही आणि नेम सरकला नाही. चेकरिंग मात्र इंचाला २० रेषांपेक्षा बारीक करू नका असं सांगेन, ओल्या हातात पकड हवी असते, आणि नवशिक्याच्या हाताने बारीक हिऱ्यांची टोकं उडतात. दस्त्याचं रबर पॅड जाड आणि मऊ घ्या, पण ते लावून झाल्यावरच स्टॉकची लांबी मोजा, हिवाळ्यातलं जाड जाकीट घालून एकदा आणि साध्या शर्टावर एकदा.