अर्धी उन्हाची, अर्धी थंडाव्याची: वर्धा रोडवरची फार्महाऊस आयपीए

फळ्यावर खडूने तीनच गोष्टी लिहिल्या आहेत: फार्महाऊस आयपीए, ६.३ टक्के (अल्कोहोल), आयबीयू ३५ (कडूपणाचा आकडा). आयपीए म्हणजे कडवट, वासाची एक बिअर. जागा वर्धा रोडवरची एक मायक्रोब्रुअरी. नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे दोष मोजायचे आहेत. शिवाय टॅप हंगामी आहे, पुढच्या महिन्यात त्याच नळातून गव्हाची बिअरही येऊ शकते. निकाल आधीच सांगून टाकू. केग, म्हणजे बिअरचं पिंप, दोनेक आठवड्यांचं असेल तर ही बिअर मुद्दाम उठून जाऊन प्यावी अशी आहे. केग महिन्याचं झालं असेल तर ग्लासात दुसरीच बिअर येते, पण तीही वाईट नाही. वाईट लागते ती फक्त बर्फ धरलेल्या ग्लासात, आणि इथे नेमकी तशीच देतात.

ही सोयरीक कोणत्या दोन घराण्यांची, हे कळलं की पुढचं सोपं जातं. फार्महाऊसची बाजू म्हणजे सेझाँ. बेल्जियमच्या दक्षिणेकडच्या फ्रेंच भाषक भागात, एनो प्रांतातल्या शेतांवर, ही बिअर थंडीत करून ठेवायचे आणि उन्हाळ्यात शेतावरच्या मजुरांना द्यायचे. तिच्या यीस्टला गरमी लागते. एल प्रकारच्या बिअरचं बहुतेक यीस्ट १८ ते २० अंशांवर नीट काम करतं, हे २८-३० अंशांवर रंगात येतं. सेझाँचा नमुना म्हणून ज्या ब्रुअरीकडे बघतात त्या ड्यूपाँमध्ये तापमान ३० च्याही वर जातं. दुसरी बाजू आयपीएची, म्हणजे हॉप्सची: बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं. हॉप्सचा वास म्हणजे त्यातली हलकी तेलं. ऊन, हवा आणि दिवस, तिघेही ती पळवतात. म्हणजे एका बाजूला उष्णता आणि सवड हवी, दुसऱ्या बाजूला गारवा आणि घाई. नागपूरचा मे महिना या बिअरच्या अर्ध्या अंगाला मानवतो आणि उरलेल्या अर्ध्याचा जीव घेतो. ग्लासातलं बरंवाईट जवळजवळ सगळं या एका भांडणातून येतं.

संकर तसा नवा नाही. ड्यूपाँची सेझाँ मुळातच बऱ्यापैकी कडवट आहे. ऑर्व्हाल मठाच्या ६.२ टक्क्यांच्या बिअरमध्ये तर ड्राय-हॉपिंगही (उकळीनंतर, बिअर थंड झाल्यावर हॉप्स घालणं) होतं आणि ब्रेटानोमायसिस नावाचं रानटी यीस्टही असतं. नवं आहे ते अमेरिकेतले आणि न्यूझीलंडमधले आंबा-पॅशनफ्रूटच्या वासाचे हॉप्स या यीस्टच्या गळ्यात बांधणं.

आता ग्लास. रंग हरभऱ्याच्या डाळीचा. गढूळ आहे, पण ताकासारखी नाही, ग्लासामागे बोट धरलं तर त्याची कड दिसते. फेस पांढरा, दोन बोटं उंच, चिवट. प्रत्येक घोटानंतर काचेवर त्याचं एक कडं उरतं. कडं उरत नसेल आणि काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले असतील, तर ग्लासाला तेलकटपणा किंवा साबण राहिला आहे. तो परत करावा, लाजू नये.

वासात पहिलं लिंबू. मग संत्रं सोलताना सालीतून जो फवारा उडतो आणि डोळ्यात गेला की झोंबतो, तो. त्याच्या मागून काळी मिरी. ग्लास जरा तापला की लवंग आणि वाळलेलं गवत. 'यात संत्रं टाकलंय का हो?' हा प्रश्न आजूबाजूच्या टेबलांवरून हमखास ऐकू येतो. उत्तर नाही असं आहे. सिट्रा आणि अमरिलो हे दोन हॉप्स आणि त्यांना भेटलेलं यीस्ट, एवढ्यावर हा वास उभा आहे. हॉप्समध्ये जेरॅनिओल नावाचा गुलाबाकडे झुकणारा घटक असतो. आंबवण चालू असताना हॉप्स पडले तर यीस्ट त्यातल्या काहीचं सिट्रोनेलॉल करतं, आणि वास लिंबूवर्गाकडे सरकतो. बर्फीपासून सरबतापर्यंत सगळ्यात संत्रं ओतणाऱ्या शहरात ब्रुअरने हात आवरला, याबद्दल त्याचे आभार.

चवीला पहिल्याच घोटात कोरडी. गोडवा शोधूनही सापडत नाही. अंगाने हलकी असली तरी पाणचट वाटत नाही, कारण बारीक बुडबुडे तोंड भरून टाकतात. शेवटी संत्र्याच्या सालीच्या आतल्या पांढऱ्या भागाचा कडूपणा येतो आणि बराच वेळ जिभेवर बसतो. इथे ३५ हा आकडा फसवतो. ३५ आयबीयू आयपीएसाठी तसा नरमच, पण ही चांगली ४५-५० ची वाटते. कारण साखरेत आहे. सेझाँची बरीचशी यीस्टं डायास्टॅटिकस जातीची असतात. साध्या यीस्टला न पचणारी लांब साखळीची डेक्स्ट्रिन्स तोडायचं एन्झाइम ती स्वतःच सोडतात आणि मग तीही फस्त करतात. यीस्ट साखर खात जातं तशी घनता उतरते; ही बिअर १.०५२ घनतेला सुरू होऊन १.००४ ला थांबते. नेहमीची आयपीए १.०१२ च्या आसपास थांबली असती, आणि तिथे उरलेली डेक्स्ट्रिन्स जिभेवर भरीव लागून कडूपणाला जरा झाकतात. इथे पांघरूण नाही. म्हणून घरी ब्रू करणाऱ्यांनी आयपीएची रेसिपी तशीच उचलून त्यात फक्त यीस्ट बदलू नये. उकळीचे हॉप्स तिसऱ्या हिश्शाने कमी करावेत आणि वाचलेले शेवटच्या दहा मिनिटांत किंवा ड्राय-हॉपला घालावेत.

हॉप्स कोणते, हाही इथे जुगारच. लवंगेचा वास देणारं यीस्ट आणि डिंकासारखे, पाइनसारखे हॉप्स (चिनूक, कोलंबस) एकत्र आले की बिअर थेट काढ्याकडे जाते. लवंग आहे, मिरी आहे, कडू आहे, फक्त गूळ घालायचा राहिला. सोराची एस हा मूळचा जपानी हॉप सेझाँला शोभतो, त्याला लिंबू आहे, पण जास्त झाला तर शेपूची भाजी आठवते. त्या मानाने या ब्रुअरने निवडलेली जोडी समंजस आहे. नेल्सन सॉव्हिन मिळाला तर पुढच्या वेळी जरूर घालून बघावा, त्याचा पांढऱ्या द्राक्षांच्या वाईनसारखा वास कोरड्या बिअरमध्ये छान उघडतो.

बनवणीत दोन गोष्टी नीट केल्या आहेत आणि त्या चवीत कळतात. पहिली, यीस्ट २१ अंशांना घालून पहिला दीड दिवस तिथेच धरलं आणि मग तापमान हळूहळू २९ पर्यंत चढू दिलं. बाहेर ४५ अंश असताना सुरुवातीपासूनच सैल सोडायचा मोह होतो. तसं केलं की फ्यूझेल, म्हणजे जड, झोंबणारी अल्कोहोल वाढतात आणि बिअरला नेलपॉलिशसारखा वास येतो. उलट चूकही तितकीच महागात पडते. १.०३० च्या आसपास काही सेझाँ यीस्ट रुसून बसतात. अशा वेळी घाबरून टाकी थंड केली तर ती उठतच नाहीत. उष्णता वाढवायची आणि थांबायचं, एवढंच हातात असतं. दुसरी चांगली गोष्ट, ड्राय-हॉप लिटरला ५ ग्रॅमच्या आत ठेवला आहे, १६ अंशांवर तीन दिवस. जास्त ठेवला असता तर मिरीचा सूर बुडाला असता.

जिथे घसरते तेही सांगायला हवं. केग लावल्यावर पहिल्या तीन-चार दिवसांत घशाला एक ओरखडा येतो, कच्च्या गवताचा आणि तिखटसर. हॉप्सचे बारीक कण अजून खाली बसलेले नसतात, त्याचा हा परिणाम. दोन अंशांवर आणखी एक आठवडा टाकीतच राहू दिली असती तर हे टळलं असतं. टॅप रिकामा ठेवायचा नाही म्हणून घाई झालेली दिसते. दुसरं, १२ अंशांच्या वर गेली की लवंग जरा जास्तच बोलते. तिसरं गंभीर, पण एकाच केगमध्ये आढळलं: दवाखान्याचा वास, पट्टी बांधल्यावर येतो तसा. हा यीस्टचा दोष नव्हे. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि यीस्टचे फिनॉल (लवंगेचा वास देणारे घटक) एकत्र आले की क्लोरोफिनॉल तयार होतात, आणि ते अगदी चिमूटभर असले तरी नाकाला कळतात. बिअरसाठी आरओचं पाणी वापरलं तरी केग आणि पाईप शेवटी साध्या पाण्याने धुतले तर हेच होणार. साध्या लागरमध्ये ही चूक कदाचित खपून जाते, सेझाँमध्ये ती बोंब मारते. चीजसारखा किंवा घामट मोज्यांसारखा वास मात्र कुठल्याच केगमध्ये नव्हता. म्हणजे हॉप्सची उघडी पाकिटं गरमीत पडून नसावीत.

केगच्या वयाचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. साधारण सातव्या ते विसाव्या दिवसापर्यंत ही बिअर फळ्यावर लिहिल्यासारखी लागते. त्यानंतर आधी आंब्याचा वास जातो, मग संत्र्याचा, आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यात उरते मिरी, लवंग, गवत आणि कोरडा कडूपणा, म्हणजे जवळजवळ शुद्ध सेझाँ. आयपीए म्हातारी झाली की गोडसर आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी होते, प्यावीशी वाटत नाही. ही बिअर मात्र एक लुगडं उतरवून दुसरं नेसते. गोड व्हायला साखर उरलेलीच नसते, आणि न गाळलेलं यीस्ट आत शिरलेला थोडाफार ऑक्सिजन खाऊन टाकतं. म्हणून 'ताजं आहे का?' असं विचारू नका, त्याचं उत्तर सगळीकडे हो असंच मिळतं. 'केग कधी भरलं?' असं विचारा. तारीख सांगता आली तर जागा चांगली. महिन्यापूर्वीची निघाली आणि तुम्हाला हॉप्सच हवे असतील, तर दुसरं काही मागवा. सेझाँ आवडत असेल तर उलट जुनंच मागवा.

वाढण्याबद्दल मात्र तक्रारच आहे. ग्लास फ्रीजरमधून येतो, आतून बर्फ धरलेला. त्या बर्फाच्या कणांवर फेस फुटतो, वितळलेलं पाणी बिअरमध्ये जातं, आणि तीन अंशांवर नाकाला काहीच कळत नाही, जिभेला फक्त कडू लागतं. 'आवडली नाही' म्हणणाऱ्यांपैकी अनेकांनी ही बिअर खरं तर चाखलेलीच नसते. साधा, गार पाण्याने विसळलेला ग्लास मागा. पिंटपेक्षा पोट असलेला, तोंडाशी आवळलेला ग्लास असेल तर उत्तम. ३३० मिलीच घ्या, ५०० चा शेवटचा तिसरा हिस्सा लवंगेच्या ताब्यात जातो. पहिला घोट लगेच, दुसरा पाचेक मिनिटांनी. ७ ते १० अंश ही तिची जागा. काठावर लिंबाची फोड खोचून आणली तर बाजूला ठेवा, सालीच्या तेलाने फेस बसतो आणि ब्रुअरने मेहनतीने आणलेला वास झाकला जातो. दिवसाचा पहिला ग्लास आपल्या वाट्याला येऊ देऊ नये हेही खरं, कारण नळाचं धातू तापलेलं असतं आणि या बिअरमध्ये गॅस जास्त असतो, त्यामुळे अर्धा ग्लास फेसच निघतो.

डिसेंबरच्या दुपारी गच्चीवर उन्हात बसणं नागपूरकराला चुकत नाही. बसा, पण ग्लास सावलीत ठेवा. उजेड हॉप्सच्या कडू घटकांना तोडतो आणि त्यातून जो गंधकी वास निघतो तो पारदर्शक काचेत काही मिनिटांतच येतो. तपकिरी बाटली असते ती याचसाठी.

सोबत काय? सावजी नको. मोह होईल, कारण लवंग आणि मिरी दोन्हीकडे आहेत. पण तिखटावर कडूपणा, गॅस आणि अल्कोहोल पडले की आग वाढते, आणि मग ना रस्सा कळतो ना बिअर. सावजीला थोडी गोडसर गव्हाची बिअर बरी. हिच्याबरोबर सांबारवडी घ्या (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर). तळलेलं तेल गॅस आणि कडूपणा साफ धुऊन काढतात, आणि आतल्या सांबाराचा हिरवा वास हॉप्सशी थेट गप्पा मारतो. वडीबरोबर कढी आली तर ती नंतर प्या, आंबट ताकापुढे ही बिअर रोडावते. तर्री न घातलेले चनापोहेही चालतात, मेनूत नाहीत ही खंत.

महाराष्ट्रात दारूसाठी वयाची अट आहे, ओळखपत्र विचारतात, जवळ ठेवा. घरी न्यायला ग्राउलर (नळावरून बिअर भरून न्यायची मोठी बाटली) मिळत असेल तर तो काठोकाठ भरून घ्या, थेट फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. तापलेल्या डिकीत तासभर राहिला तर आंब्याचा वास तिथेच सोडून यावा लागेल. आणि बुटीबोरीवरून वर्ध्याकडे वळणार असाल तर ग्राउलर घेऊच नका. रस्त्याला नाव त्या जिल्ह्याचं असलं तरी तिथे दारूबंदी आहे.