ऑरा स्कॅनर: पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत वापरून

हे यंत्र भावोजींचं. ते वास्तूची कामं घेतात, मी शाळेत फिजिक्स शिकवतो. "तूच काय ते तपास," म्हणून माझ्याकडे आलं.

बनावट मात्र झकास. जड मूठ, तिच्यावर लोण्यासारख्या फिरणाऱ्या दोन दांड्या, मखमली पेटी. बॅटरी नाही, सर्किट नाही. मुठीच्या खाचेत 'सॅम्पल'ची बाटली घालायची आणि समोरच्या माणसापासून मागे मागे सरकायचं. दांड्या फाकतील तिथवर त्याची ऑरा, म्हणजे अंगाभोवती असतं म्हणतात ते ऊर्जेचं वलय. टेप लावून मोजा.

आणि दांड्या फाकतात हो! कुणीतरी ओढतंय असंच वाटतं. शेवटी मुठीला मोबाइल बांधून लेव्हलचं अ‍ॅप लावलं. फाकण्याच्या जरा आधी मनगट जेमतेम एखादा अंश कललेलं दिसायचं. बेअरिंग इतकं हलकं की तेवढं पुरतं. मूठ लॅबच्या स्टँडला आवळली, तर समोर कुणीही येवो, दांड्या ढिम्म. शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1833 मध्ये लंबकाबद्दल हेच लिहिलं होतं: डोळे बांधले की हातातला लंबक थांबतो. हात नकळत हलतो आणि हलवणाऱ्यालाच पत्ता नसतो.

भावोजी म्हणाले, "स्टँडला प्राण असतो का?" मुद्दा रास्त. मग त्यांच्याच हातात दिलं आणि दारावर चादर लावली. भाचा चादरीमागे उभा राहणार की नाही, हे नाणं ठरवणार. भाच्याला हसू आवरेना, म्हणून टीव्ही मोठ्याने लावावा लागला. चादर नसताना भावोजी एकदाही चुकले नाहीत. चादरीआड त्यांचं उत्तर नाण्याइतकंच भरवशाचं. अमेरिकेत एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीने पुठ्ठ्याचा आडोसा करून ऊर्जाक्षेत्र जाणवतं म्हणणाऱ्या 21 उपचारकांना असंच तपासलं होतं. 280 प्रयत्नांत 44 टक्के बरोबर. 1998 मध्ये ते 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

मला जास्त गंमत वाटली ती खडूच्या खुणेची. फरशीवर आधीची खूण दिसत असली की त्याच माणसाची ऑरा पुन्हा तिथेच संपायची. खूण पुसली की कधी सोफ्यापाशी, कधी थेट बाल्कनीत.

विक्रेत्याला हे सगळं कळवलं. पैसे परत मिळणार नाहीत, पुढच्या लेव्हलचं ट्रेनिंग करा म्हणाला. भावोजींनी नाव नोंदवलंय.