अथेन्सचे देव आणि धरमपेठेतला अभ्यासवर्ग : एक परीक्षण

नागपूरच्या धरमपेठेतील एका खासगी अभ्यासमंडळाने यंदा उन्हाळा तापण्यापूर्वी, दर शनिवारी संध्याकाळी, प्रौढांसाठी एक सशुल्क अभ्यासवर्ग चालवला. विषय होता ग्रीक देवता, त्यांच्या पुराणकथा आणि अथेन्सची लोकशाही. ज्या देवांची मंदिरे आज केवळ अवशेषरूपाने उरली आहेत, त्यांचा आपल्या विवेकाशी आणि लोकशाहीशी काही संबंध उरला आहे काय, असा प्रश्न पत्रकावर ठळक छापलेला होता. शुल्क दोन हजार रुपये होते आणि विद्यार्थ्यांना निम्मी सवलत होती. श्रोत्यांत निवृत्त प्राध्यापक, विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले आणि माझ्यासारखे एक-दोन वकील असा मिश्र समाज होता. व्याख्याते तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक असून त्यांचे मराठी प्रसन्न आणि मोजके आहे. पुढे काही तक्रारी नोंदवायच्या असल्याने मंडळाचे आणि त्यांचे नाव येथे देत नाही.

वर्गाचा सर्वांत भरीव भाग म्हणजे अथेन्सच्या चौकावरील, म्हणजे अगोरावरील, व्याख्यान. अथेन्सचा सुधारक क्लेइस्थेनीस याने इ. स. पू. ५०८-५०७ च्या सुमारास नागरिकांची जुनी कुलनिष्ठ विभागणी मोडून दहा नव्या गटांत त्यांची वाटणी केली आणि प्रत्येक गटात शहर, किनारा व अंतर्भाग या तिन्ही प्रदेशांतील माणसे मुद्दाम मिसळली, हे राज्यशास्त्राच्या पुस्तकात आपण वाचलेले असते. त्या गटांना नावे कशी मिळाली, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. शंभर पुराणवीरांची यादी डेल्फीच्या देवस्थानाकडे पाठवण्यात आली आणि तेथील पुजारणीने त्यांतील दहा निवडले. या दहांत अजॅक्स होता, जो मुळात अथेन्सचा नव्हताच. शेजारी आणि मित्र म्हणून तो यादीत आला. पुढे या दहा वीरांचे पुतळे चौकात एका लांब चौथऱ्यावर उभे राहिले आणि त्याच चौथऱ्यावर नव्या कायद्यांचे मसुदे, सैन्यभरतीच्या याद्या आणि खटल्यांच्या सूचना लावल्या जाऊ लागल्या. आपल्या गटाची सूचना वाचायची तर नागरिकाने आपल्या वीराच्या पायाशी यायचे, अशी ही व्यवस्था होती. पाचशेंच्या परिषदेत प्रत्येक गटाचे पन्नास सदस्य असत, म्हणजे प्रतिनिधित्वाचा सगळा हिशेब या वीरांच्या नावावर चाले. व्याख्यात्यांनी यावर केलेली टिप्पणी मला पटली. ज्यांचे आजोबा-पणजोबा एकमेकांचे वैरी होते, अशा माणसांना एकत्र आणण्यासाठी कोणाच्याही घराण्याचा नसलेला पूर्वज लागतो, आणि तो पुराणकथेतूनच मिळू शकत होता.

याच व्याख्यानात अथेन्सच्या नागरिकसभेच्या आरंभीच्या विधींचेही वर्णन आले. प्निक्स टेकडीवर सभा भरण्यापूर्वी डुकराच्या पिलाचा बळी देऊन जागा शुद्ध केली जाई आणि दवंडी देणारा अधिकारी लोकांना फसवणाऱ्या वक्त्याला शाप देई. तो शाप आज कामकाज-नियमावलीत समाविष्ट करता आला असता तर, अशी कुजबूज मागच्या रांगेत झाली. ती सार्थ होती. इ. स. पू. ३३६ मध्ये हुकूमशाहीविरुद्ध केलेला कायदा ज्या शिलेवर कोरला आहे, त्या शिलेच्या माथ्यावर स्त्रीरूपातील लोकशाही ही लोकांच्या, म्हणजे एका दाढीधारी पुरुषाच्या, डोक्यावर मुकुट ठेवताना दाखवली आहे. ते चित्र पडद्यावर दिसले तेव्हा सभागृहातील भ्रमणध्वनी एकदम वर झाले.

त्यानंतरच्या आठवड्यात नाटककार एस्किलसची ओरेस्टिया ही नाट्यत्रयी घेण्यात आली. ती इ. स. पू. ४५८ मध्ये, डायोनिससच्या उत्सवात, म्हणजे देवाच्याच जत्रेत सादर झाली होती. बापाच्या हत्येचा सूड म्हणून आईला ठार मारणारा ओरेस्टिस, त्याच्या मागे लागलेल्या सूडाच्या देवता आणि हा तंटा स्वतः न सोडवता अथेन्सच्या नागरिकांचे न्यायालय बसवणारी नगरदेवता अथेना, एवढे कथानक सांगून व्याख्यात्यांनी शेवटच्या अंकावर भरपूर वेळ दिला, आणि तो दिला हे योग्यच झाले. मते समसमान पडतात, अथेनाच्या कौलाने आरोपी सुटतो आणि हरलेल्या सूडदेवता शहराला विषारी करण्याची धमकी देतात. देवांचा राजा झ्यूस याच्या वज्राच्या कोठाराची किल्ली आपल्याकडे आहे, याची अथेना त्यांना आठवण करून देते. पण ती किल्ली वापरत नाही. ती बोलत राहते, त्यांना मान आणि शहराच्या भूमीखाली घर देऊ करते आणि शेवटी त्या राजी होतात. हे नाटक येण्याच्या चारच वर्षे आधी लोकशाहीवादी नेता एफियाल्टीस याने अरिओपागस या उमरावांच्या मंडळाचे बरेचसे अधिकार काढून घेतले होते आणि त्यानंतर त्याचा खून झाला होता. हे ध्यानात घेतले तर, हरलेल्या पक्षाला शहरात कोठे बसवायचे हा प्रश्न त्या प्रेक्षकांसाठी किती ताजा होता ते कळते. न्यायालयात रोज हरलेल्या पक्षकाराचा चेहरा पाहणाऱ्या माणसाला हा अंक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

एका विद्यार्थिनीने येथे नेमकी हरकत घेतली. ओरेस्टिसची बाजू मांडणारा देव अपोलो आईला जन्मदात्री मानायलाच तयार नाही आणि अथेना आपल्याला आईच नसल्याचे सांगून पुरुषाच्या बाजूने कौल देते. मग हा निवाडा विवेकाचा कसा? ज्या शहराच्या सभेत स्त्रिया, गुलाम आणि परके यांना जागा नव्हती, त्या शहराचे देवही तसेच बोलणार, असे उत्तर व्याख्यात्यांनी दिले. उत्तर प्रामाणिक होते, पण अपुरे होते. ती मुलगी विचारत होती की, दोषी तर्कावर उभे राहिलेले न्यायालय पुढच्या पिढ्यांना उपयोगी कसे पडते. आणि या प्रश्नाला वर्गात पुन्हा कोणी हात लावला नाही.

विवेकाच्या बाजूने झालेली मांडणी त्या मानाने सौम्य झाली. बैलांना आणि घोड्यांना हात असते तर त्यांनी आपल्यासारखेच देव काढले असते, हे ग्रीक विचारवंत झेनोफानीसचे वाक्य आले. कवींनी देवांच्या भांडणाच्या आणि व्यभिचाराच्या कथा सांगू नयेत, हा प्लेटोचा आग्रहही आला. दोघेही देवांवर टीका करतात, पण एक जण कथेकडे बोट दाखवून माणसाला हसतो आणि दुसरा कथेवर देखरेख ठेवणारे राज्य मागतो. या दोहोंतला फरक लोकशाहीच्या दृष्टीने फार मोठा आहे, आणि तो फळ्यावर एका ओळीत आटोपला.

माझा मुख्य आक्षेप मात्र यापुढचा आहे. इ. स. पू. ४१५ मध्ये सिसिलीवरील स्वारीसाठी नौदल निघण्याच्या सुमारास एका रात्रीत अथेन्समधील हर्मीस देवाच्या दगडी स्तंभमूर्ती विद्रूप करण्यात आल्या. हा अपशकुन तर आहेच, शिवाय लोकशाही उलथवण्याच्या कटाचा भागही आहे, अशी भीती पसरली. कोणाही ऐऱ्यागैऱ्याच्या सांगण्यावरून भल्या नागरिकांना तुरुंगात टाकले गेले आणि स्वारीचा एक सेनापती अल्किबायडीस याला परत बोलावल्यावर तो थेट शत्रूला, स्पार्टाला, जाऊन मिळाला. इ. स. पू. ३९९ मध्ये, म्हणजे तीस जणांची जुलमी राजवट संपून लोकशाही परत आल्यावर चारच वर्षांनी, सुमारे पाचशे नागरिकांच्या ज्यूरीने सॉक्रेटिसला मृत्युदंड दिला आणि शहराचे देव न मानणे हा त्याच्यावरील आरोपांपैकी एक होता. ज्या देवांनी दहा गट एकत्र बांधले, ज्यांच्या उत्सवात सूडाचा प्रश्न लोकांसमोर मांडला गेला, त्याच देवांच्या नावाने बहुमताने एका म्हाताऱ्याला विष पाजले. वर्गाच्या मूळ प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर ते या दोन घटनांच्या आणि त्या चौथऱ्याच्या मधल्या अंतरात शोधावे लागेल. पुराणकथा जोवर सर्वांना उलटसुलट सांगता येते, नाटकात घालता येते, तिची थट्टा करता येते, तोवर ती लोकशाहीला चारा पुरवते. तिच्याविषयी बोलणेच गुन्हा ठरले की तीच कथा साक्षीपुराव्याची जागा घेते. हे दोन्ही प्रसंग मिळून एका व्याख्यानाच्या उत्तरार्धात, घड्याळाकडे पाहत, उरकण्यात आले. अथेनाच्या मूर्तीवरील, टॅलंट या ग्रीक मापाने सुमारे चाळीस भरणारे सोने काढता येण्याजोगे होते आणि युद्धात गरज पडल्यास ते वापरून नंतर परत करता येईल, असे अथेन्सचा नेता पेरिक्लीस याने सांगितले होते; या रंजक माहितीला त्यापेक्षा जास्त वेळ मिळाला.

आता नागपूरविषयी, किंवा नागपूरविषयी पाळलेल्या मौनाविषयी. वर्गाचा नियम असा की, प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे आणि संयोजकांनी निवडलेलेच व्याख्यात्यांकडे जातील. लोकशाहीवरील वर्गात असा नियम असावा, याची गंमत संयोजकांना वाटली नाही. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी दीक्षाभूमीविषयी लिहिलेली चिठ्ठी पुढे गेलीच नाही. विषय ग्रीसपुरता मर्यादित आहे, असे त्यांना सांगण्यात आले. मर्यादा आखायला हरकत नसते. परंतु ‘आपल्या विवेकाशी’ असे शब्द पत्रकावर छापल्यावर, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जेथे लाखोंच्या समुदायाने ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची प्रतिज्ञा डॉ. आंबेडकरांकडून घेतली, ते ठिकाण सभागृहापासून जवळच असताना त्याचा उल्लेखही टाळणे हे मर्यादेचे लक्षण नव्हे. शिवाय त्यात अभ्यासाला केवढे साहित्य आहे! दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी नागपूर का निवडले हे सांगताना नाग लोकांचा, त्यांच्या आर्यांशी असलेल्या वैराचा आणि अगस्ती मुनींनी वाचवलेल्या एका नागाचा दाखला दिला होता. पुराणातील देव नाकारणारा विवेक आणि पुराणातच आपला पूर्वज शोधणारी इतिहासदृष्टी एका माणसात, लागोपाठच्या दोन दिवसांत, याच शहरात दिसते. क्लेइस्थेनीसच्या दहा वीरांशेजारी हे ठेवले असते तर वर्ग दुप्पट मोलाचा झाला असता. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त विष्णूचे अवतार म्हणजे आक्रमणांचा इतिहास असे वाचून बळीराजाला शेतकऱ्यांचा राजा केले, तेही याच विषयात बसते.

मारबत, म्हणजे नागपुरात मिरवणुकीने काढली जाणारी बाईची प्रतिमा, तीही तशीच वगळली गेली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महाल भागांतून काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते, ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ असा घोष होतो आणि सोबतच्या बडग्यांवर, म्हणजे टीकेच्या पुतळ्यांवर, महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत कोणालाही सोडलेले नसते. पूतनेच्या कथेशी आणि भोसले राजघराण्यातील बाकाबाईशी लोक तिचा संबंध जोडतात. सत्तेला वर्षातून एकदा चव्हाट्यावर शिव्या घालण्याची ही सोय कोणत्याही घटनेने दिलेली नाही. शहराचा सगळा राग दरवर्षी बाईच्याच पुतळ्यावर का निघावा, हा प्रश्नही त्या विद्यार्थिनीने विचारला असता, अशी मला खात्री आहे.

आणि घटना समितीचे काय? १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधानाच्या उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा, अशी दुरुस्ती ह. वि. कामत यांनी मांडली. ते ज्या मध्य प्रांत व वऱ्हाडातून निवडून आले होते त्याची राजधानी नागपूरच होती. दुरुस्तीच्या बाजूने ४१ आणि विरुद्ध ६८ मते पडली. तरीही नंदलाल बोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सजवलेल्या संविधानाच्या मूळ प्रतीत मूलभूत हक्कांच्या भागाच्या माथ्यावर राम, सीता आणि लक्ष्मण आहेत. मंत्र्याला ईश्वरसाक्ष शपथ घेण्याची किंवा केवळ गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करण्याची मुभा आहे. आणि १९७६ पासून वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. जादूटोणाविरोधी कायद्याचे विधेयक डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर, डिसेंबर २०१३ मध्ये, नागपूरच्याच हिवाळी अधिवेशनात संमत झाले. यांतले एकही उदाहरण वर्गात आले नाही, आणि परक्यांच्या देवांविषयी एवढे मोकळेपणाने बोलणाऱ्या व्याख्यात्यांना ते सुचले नसेल यावर माझा विश्वास नाही.

व्यवस्थेविषयी थोडक्यात. सभागृह दुसऱ्या मजल्यावर असून उद्वाहन बहुधा बंद असते, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी आधी चौकशी करावी. ध्वनिक्षेपक मागील रांगांपर्यंत नीट पोहोचत नाही. टिपणे मात्र उत्तम होती. मूळ उताऱ्यांची साध्या मराठीतील भाषांतरे आणि अगोराचा हाताने काढलेला नकाशा एवढ्यासाठीसुद्धा निम्मे शुल्क वसूल होते. मध्यंतरातल्या तर्री-पोह्यांबद्दल तक्रार नाही.

पाचपैकी साडेतीन गुण देतो. कायदा, राज्यशास्त्र किंवा इतिहास शिकणाऱ्याने विद्यार्थी-सवलतीत हा वर्ग जरूर करावा. ज्याला केवळ ग्रीक कथा ऐकायच्या आहेत त्याला तो जड वाटेल. पावसाळ्यानंतर दुसरी तुकडी सुरू होणार असल्याचे संयोजकांनी सांगितले आहे. चिठ्ठ्यांचा नियम काढून शेवटची दोन व्याख्याने नागपूरला द्यावीत, असे मी त्यांना लेखी कळवले असून, तसे झाल्यास पूर्ण शुल्क भरून मी पुन्हा नाव नोंदवीन.