पुढच्या चाकाचं बेअरिंग किट: डबी चांगलीच, पण प्रेस कोण मारणार?

स्विफ्ट, वॅगन-आर, आय-टेन अशा घरगुती गाड्यांच्या पुढच्या चाकाला नकलमध्ये (चाकाला आधार देणारा, स्टिअरिंगबरोबर वळणारा लोखंडी भाग) दाबून बसवायचं सीलबंद बेअरिंग लागतं. बाजारात एसकेएफ, एफएजी, एनबीसी, टिमकेन ही नावं सहज मिळतात. यांतलं कुठलंही अस्सल किट घरच्या वापराला पुरून उरतं, त्यामुळे ब्रँडवरून दुकानात घासाघीस करण्यात फारसा अर्थ नाही. पैसे वाया जातात ते दोन ठिकाणी: चुकीच्या निदानात आणि वाईट फिटिंगमध्ये.

आधी निदान. गाडी चाळीसच्या पुढे गेली की सुरू होणारी, वेगाबरोबर चढणारी आणि गिअर न्यूट्रलला टाकूनही न थांबणारी घरघर असेल, तर संशय बेअरिंगवर किंवा टायरवर. मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावीकडे वळवली की भार उजव्या चाकावर जातो. तेव्हा आवाज वाढला तर बहुतेक वेळा उजवं बेअरिंग गेलेलं असतं. उजवीकडे वळताना वाढला तर डावं. डांबरावरून काँक्रीटवर जाताच आवाजाचा सूर बदलला तर मात्र टायर तपासा. टायरवरून हात पुढे-मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखा लागला, तर बेअरिंगचा काही दोष नाही.

खात्री करायची तर गाडी सपाट जागी जॅकवर घ्या आणि स्टँड लावा, नुसत्या जॅकवर हात घालू नका. एका हाताने चाक फिरवा, दुसऱ्या हाताची बोटं कॉइल स्प्रिंगवर टेकवा. चांगल्या बेअरिंगचं काही जाणवत नाही. बिघडलेल्याची कुरकुर थेट बोटांत उतरते, जात्यात खडा आल्यावर खुंटा थरथरतो तशी. मग चाक वर-खाली धरून हलवा. खेळ, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा, तसाच राहिला तर बॉल जॉइंट (नकलला खालून धरणारा गोल सांधा) पाहा.

बाकीचे आवाज लवकर ओळखता येतात. फक्त ब्रेक मारल्यावर खरखर येत असेल तर पॅडचं लायनिंग संपून लोखंड डिस्कवर घासतंय, गाडी चालवणं तिथंच थांबवा. खडीच्या रस्त्यावरून आल्या-आल्या कर्कश खर्रर सुरू झालं, तर डिस्क आणि मागच्या पत्र्यात खडा अडकलाय. रिव्हर्स घेतल्यावर तो बऱ्याचदा पडतो. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टक-टक आली तर ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट, आणि त्याचं रबरी बूट फाटलंय का ते पाहा. पावसात रात्रभर उभ्या गाडीची सकाळची खसखस हा डिस्कवरचा गंज, दोन-तीन ब्रेकमध्ये जातो.

आता किट. पूर्ण डबीत बेअरिंग, ते जागेवर धरणारा लॉक (सर्कलिप) आणि नवा हब नट असतो (हब म्हणजे चाक ज्यावर बोल्टने बसतं तो भाग). काही डब्यांत नुसतंच बेअरिंग येतं, मग लॉक आणि नट वेगळे मागून घ्या. जुन्या नटाची कॉलर ॲक्सलच्या खाचेत ठोकून बसवलेली असते. तोच नट पुन्हा लावणं ही चुकीची काटकसर. एबीएसची (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) गाडी आहे की बिगर-एबीएस, हे दुकानदाराला आधीच सांगा. डुप्लिकेट माल या बाजाराचा जुना रोग आहे. पडताळणीसाठी एसकेएफचं ‘ऑथेंटिकेट’ आणि एफएजीची मालक कंपनी शेफलरचं ‘ओरिजिनचेक’ अशी मोबाइल ॲप आहेत. पुण्याच्या नाना पेठेसारख्या बाजारात काउंटरवर उभं राहूनच डबी तपासून घ्यावी. ‘साहेब, जोडीनेच बदला’ हा सल्ला पॅडला लागू, बेअरिंगला नाही. जे वाजतंय तेवढंच बदला.

खरी परीक्षा फिटिंगची. नकलमध्ये बेअरिंग बसवताना प्रेसचा दाब फक्त बाहेरच्या रिंगवर यायला हवा, आणि नंतर हब बसवताना आतल्या रिंगला खालून आधार हवा. यात अदलाबदल झाली की सगळा जोर गोळ्यांवरून जातो, रिंगमध्ये बारीक खड्डे पडतात आणि नवंकोरं बेअरिंग थोड्याच दिवसांत पुन्हा घरघरतं. हातोड्याने ठोकून बसवलं तरी हाच परिणाम. लोक मग कंपनीला शिव्या देतात. म्हणून हायड्रॉलिक प्रेस आणि दाब देण्याच्या मापाच्या रिंगा नसलेल्या गॅरेजात हे काम देऊच नका. हवं तर नकल उतरवून लेथवाल्याकडे न्या.

हब उपसताना जुन्या बेअरिंगची आतली रिंग बहुधा हबवरच अडकून राहते. ग्राइंडरने तिला अर्धवट चीर पाडून छन्नीने तडकवायची. चीर हबपर्यंत गेली तर ओरखडा नव्या रिंगखाली राहतो. नकलचं भोक पॉलिश पेपरने साफ करून तेलाचा हलका हात फिरवायचा. क्रम असा: बेअरिंग, मग लॉक खाचेत पूर्ण बसलेला, मग हब. लॉक विसरला तर सगळं पुन्हा उपसा. एबीएसच्या बेअरिंगला एका बाजूचं सील चुंबकीय असतं आणि ती बाजू सेन्सरकडेच हवी. उलटं बसलं तर एबीएसचा दिवा पेटून राहतो. असं सील इतर लोहचुंबकांपासून लांब ठेवा.

हब नट टॉर्क पान्ह्याने (आवळण्याचा जोर मोजणारा पान्हा), गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळायचा. तोवर चाकावर गाडीचं वजन टाकायचं नाही, कारण बेअरिंगच्या दोन अर्ध्या रिंगा त्या नटानेच घट्ट धरलेल्या असतात. शॉकॲबसॉर्बरचे खालचे बोल्ट काढले असतील तर अलाइनमेंटही करून घ्या.

जुनं बेअरिंग मेकॅनिककडून मागून घ्या आणि डिझेलने धुऊन पाहा. रिंगेवर खवले निघालेले दिसले तर पैसे योग्य जागी गेले. ती आरशासारखी गुळगुळीत असेल, तर आवाज अजून गाडीतच आहे. पुन्हा टायरवरून हात फिरवा.