रूआँचं जोन ऑफ आर्क संग्रहालय: वेळ काढून जाच

फ्रान्समधल्या रूआँला कथीड्रलला खेटूनच आर्चबिशपचा जुना वाडा आहे. 2015 साली त्यात हे संग्रहालय सुरू झालं. काचेआडच्या तलवारी बघायची हौस असेल, तर ही जागा त्यासाठी नव्हे. इथे हेडफोन लावून दालनामागून दालन फिरायचं आणि भिंतींवरच्या चित्रफितींतले साक्षीदार ऐकायचे.

मांडणीचा कणा जोनच्या खटल्याची 1456 ची फेरचौकशी, हे मला फार आवडलं. 1429 मध्ये ऑर्लेआँ शहराला पडलेला इंग्रजांचा वेढा उठवणारी जोन ही शेतकऱ्याची पोर. पाखंडी ठरवून 1431 मध्ये तिला जाळलं, तेव्हा वय जेमतेम 19. पंचवीस वर्षांनी तो निकाल रद्द झाला, तोही याच वाड्यात! त्या चौकशीत तिची बालमैत्रीण ओव्हिएत हिनेही साक्ष दिली होती: जोन सूत कातायची, घरकाम करायची, ती गाव सोडून गेली तेव्हा आपण खूप रडलो. सेनापती, संत हे सगळं नंतरचं. मला तरी ती या साक्षीतच भेटली.

आत गटागटाने सोडतात, म्हणून तिकीट आधीच काढा. जिथे तिला जाळलं तो व्ह्यू-मार्शे चौक इथून चालत जाण्याइतका जवळ आहे. तोही त्याच दिवशी करा.